लिनक्स सुरू होताना कूटबद्ध डिस्कच्या किल्ल्यांचे व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या लॅपटॉपवर किंवा सर्व्हरवर लक्स या लिनक्सच्या डिस्क-कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेली डिस्क आहे आणि यंत्र सुरू होताना ती उघडण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. विवेचन मुख्यतः लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि आर्च या लिनक्स-वितरणांच्या पद्धती जेथे वेगळ्या आहेत, तेथे तसे सांगितले आहे. डिस्क चोराच्या हाती पडली तरी त्याला ती वाचता येऊ नये, आणि मालकाला मात्र ती कोणत्याही परिस्थितीत उघडता यावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. बहुतेक लोक पहिलीचा पुष्कळ विचार करतात आणि दुसरी विसरतात. म्हणून येथे दुसरीवर अधिक भर दिला आहे.

पासफ्रेज (आपण टाइप करतो तो लांब पासवर्ड) म्हणजेच डिस्कची किल्ली का?

नाही, आणि हा भेद समजला की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. डिस्कवरील माहिती ज्या किल्लीने कूटबद्ध होते ती व्हॉल्यूम-किल्ली, डिस्क पहिल्यांदा तयार करताना यादृच्छिकपणे निर्माण केली जाते. क्रिप्टसेटअप या लक्स डिस्क हाताळणाऱ्या साधनाच्या सध्याच्या मूळ मांडणीत एईएस-एक्सटीएस ही कूटबद्धीकरणाची पद्धत वापरली जात असल्यामुळे ही किल्ली ५१२ बिटांची असते, म्हणजे प्रत्यक्षात २५६ बिटांच्या दोन किल्ल्या असतात. ही व्हॉल्यूम-किल्ली आपण कधीही टाइप करत नाही. डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या हेडरमध्ये तिच्या प्रती वेगवेगळ्या स्लॉटमध्ये कुलूपबंद करून ठेवलेल्या असतात आणि आपला पासफ्रेज त्यांपैकी एक स्लॉट उघडतो. एकाच कपाटाची किल्ली आठ निरनिराळ्या डब्यांत ठेवावी आणि प्रत्येक डब्याला वेगळे कुलूप लावावे, तशी ही रचना आहे. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे ८ स्लॉट होते, तर दुसरीत ३२ पर्यंत असू शकतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पासफ्रेज बदलला तरी डिस्कवरील माहिती पुन्हा कूटबद्ध करावी लागत नाही, म्हणून ते काम काही क्षणांत होते. मात्र ज्याने पूर्वी कधीतरी व्हॉल्यूम-किल्लीच मिळवून ठेवली आहे, त्याला पासफ्रेज बदलल्याने काहीच अडचण येत नाही. तशी शंका असेल तर रीएन्क्रिप्ट या उपकमांडने संपूर्ण डिस्क नव्या किल्लीने कूटबद्ध करावी लागते आणि मोठ्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात.

पासफ्रेजपासून स्लॉटची किल्ली तयार करताना मुद्दाम वेळखाऊ गणित केले जाते. पहिल्या आवृत्तीत त्यासाठी पीबीकेडीएफ२ होते. दुसऱ्या आवृत्तीत मूळ निवड आर्गॉन२ कुटुंबातील आहे. त्याला वेळेबरोबर भरपूर मेमरीही लागते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांच्या ताफ्याने पासफ्रेज शोधणे फार महाग पडते.

यंत्र सुरू होताना किल्ली नेमकी कोणत्या क्रमाने वापरली जाते?

फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बूटलोडरला सुरू करते आणि बूटलोडर कर्नल (प्रणालीचा गाभा) व इनिटरॅमएफएस या दोन फाइली मेमरीत आणतो. नेहमीच्या मांडणीत या फाइली कूटबद्ध नसलेल्या बूट पार्टिशनवर असतात. इनिटरॅमएफएस ही मेमरीत उलगडणारी एक छोटी फाइलप्रणाली आहे. तिच्यात क्रिप्टसेटअप, लागणारी कर्नल-मोड्यूल्स, कीबोर्डची मांडणी आणि कोणती डिस्क उघडायची याची नोंद असते. तीच पासफ्रेज विचारते, स्लॉट उघडते आणि मिळालेली व्हॉल्यूम-किल्ली कर्नलच्या हवाली करते. दुसऱ्या आवृत्तीत ही किल्ली कर्नलच्या कीरिंगमध्ये (किल्ल्या ठेवण्याच्या राखीव जागेत) राहते आणि साध्या प्रोग्रामला ती परत वाचता येत नाही. मग डीएम-क्रिप्ट हा कर्नलचा भाग मॅपर निर्देशिकेत एक नवे उपकरण दाखवतो, त्यावरची मूळ फाइलप्रणाली माउंट होते आणि नियंत्रण खऱ्या प्रणालीकडे जाते. मूळ डिस्कखेरीज इतर डिस्क असल्यास त्या यानंतर सिस्टिमडी (प्रणालीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) उघडते.

अडचणी बहुधा या दोन टप्प्यांच्या सीमेवरच येतात. मूळ डिस्क उघडण्यासाठी जे काही लागते ते सर्व इनिटरॅमएफएसमध्ये आधीच असले पाहिजे, कारण त्या क्षणी दुसरी कोणतीही फाइल हाताशी नसते.

क्रिप्टटॅबमध्ये बदल केला, तरी पुढच्या वेळी काहीच फरक पडला नाही. असे का?

ईटीसी निर्देशिकेतील क्रिप्टटॅब या फाइलच्या प्रत्येक ओळीत चार रकाने असतात. पहिल्यात मॅपरखाली दिसणारे नाव, दुसऱ्यात मूळ उपकरण, तिसऱ्यात किल्लीच्या फाइलचा मार्ग आणि चौथ्यात पर्याय लिहितात. पासफ्रेज विचारायचा असेल तर तिसऱ्या रकान्यात ‘नन’ लिहितात. परंतु मूळ डिस्क उघडताना वाचली जाते ती या फाइलची इनिटरॅमएफएसमधील प्रत, आणि ती जुनीच राहिलेली असते. म्हणून बदलानंतर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करणे आवश्यक असते. डेबियन व उबुंटूवर त्यासाठी अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरावर ड्रॅकट आणि आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ ही कमांड आहे. त्यानंतर डेबियनवर एलएसइनिटरॅमएफएस किंवा फेडोरावर एलएसइनिटआरडी चालवून नवी फाइल खरोखर आत गेली आहे का, हे यंत्र बंद करण्यापूर्वीच पाहावे. ही तपासणी मिनिटभरात होते, आणि ती न केल्यामुळे रात्री उशिरा दुसऱ्या यंत्रावर लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून यंत्र सुरू करता येते अशी यूएसबी) बनवत बसण्याची वेळ अनेकांवर आलेली आहे.

दुसऱ्या रकान्यात एसडीए, एसडीबी अशी नावे लिहू नयेत. डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की ही नावेही बदलतात. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, वापरावा.

डेबियनची आणखी एक खासियत लक्षात ठेवावी. तेथे क्रिप्टटॅबमध्ये कीस्क्रिप्ट (किल्ली पुरवणारी स्क्रिप्ट) हा पर्याय चालतो, पण सिस्टिमडीला तो समजत नाही. त्यामुळे कीस्क्रिप्टवर अवलंबून असलेली डिस्क इनिटरॅमएफएसमध्येच उघडावी लागते. त्यासाठी त्या ओळीत इनिटरॅमएफएस हा पर्यायही जोडावा.

तीन डिस्क कूटबद्ध आहेत. तिन्हींसाठी पासफ्रेज टाइप करावाच लागतो का?

नाही. सिस्टिमडी दिलेला पासफ्रेज कर्नलच्या कीरिंगमध्ये अडीच मिनिटे जपून ठेवते आणि पुढच्या डिस्कवर आधी तोच वापरून पाहते. त्यामुळे सर्व डिस्कवर एकच पासफ्रेज असेल तर बहुतेक वेळा तो एकदाच द्यावा लागतो. डेबियनच्या पारंपरिक इनिटरॅमएफएसमध्ये डिक्रिप्ट-कीसीटीएल ही स्क्रिप्ट असेच काम करते.

माझ्या मते मात्र याहून चांगला मार्ग असा की, मूळ डिस्क पासफ्रेजने उघडावी आणि उरलेल्या डिस्कसाठी मूळ डिस्कवरच यादृच्छिक किल्लीची फाइल ठेवावी. ती फाइल कूटबद्ध डिस्कवर असल्यामुळे यंत्र बंद असताना सुरक्षित असते. ईटीसी निर्देशिकेत क्रिप्टसेटअप-कीज-डॉट-डी नावाची उपनिर्देशिका करून तिच्यात मॅपरच्या नावापुढे ‘डॉट की’ जोडून फाइल ठेवली, तर तिसरा रकाना रिकामा असूनही सिस्टिमडी ती स्वतः शोधून काढते. फाइल फक्त रूटला (प्रशासक-वापरकर्त्याला) वाचता येईल अशा परवानग्या द्याव्यात. त्या प्रत्येक डिस्कवर एक पासफ्रेजचा स्लॉटही ठेवावा. मूळ डिस्क निकामी झाली तर ती फाइलही जाते आणि चांगल्या स्थितीतील इतर डिस्कही तिच्याबरोबर कायमच्या बंद होतात.

किल्लीच्या फाइलमध्ये पासफ्रेज लिहिला, पण डिस्क उघडत नाही. हाताने तोच टाइप केला तर उघडते. हे कसे?

फाइलच्या शेवटी असलेल्या न दिसणाऱ्या नव्या ओळीच्या खुणेमुळे असे होते. पासफ्रेज हाताने टाइप करून एंटर दाबला की क्रिप्टसेटअप एंटरच्या आधीचीच अक्षरे घेते. फाइल मात्र ते बाइट-बाइट जशीच्या तशी वाचते, आणि एको कमांडने किंवा बहुतेक संपादकांनी लिहिलेल्या फाइलच्या शेवटी एक जास्तीचा बाइट असतो. समजा पासफ्रेज २० अक्षरांचा आहे. एलएस कमांडला विस्तृत माहिती विचारली आणि तिने फाइलचा आकार २१ बाइट दाखवला, तर कारण सापडले. प्रिंटएफ वापरून, किंवा एकोला एन हा पर्याय देऊन फाइल पुन्हा लिहावी.

खरे तर फाइलमध्ये माणसाने ठरवलेला पासफ्रेज लिहूच नये. कर्नलच्या यूरँडम उपकरणातून ६४ बाइट घेऊन फाइल तयार करावी आणि लक्सअ‍ॅडकी या उपकमांडने ती वेगळ्या स्लॉटमध्ये नोंदवावी.

किल्लीची फाइल इनिटरॅमएफएसमध्ये ठेवली तर चालेल का?

बूट पार्टिशन कूटबद्ध नसेल तर मुळीच चालणार नाही, कारण मग डिस्क चोरणाऱ्याला किल्लीही तिच्यासोबत मिळते. बूट निर्देशिका कूटबद्ध असून ग्रब हा बूटलोडरच ती उघडत असेल, तरच ही पद्धत योग्य ठरते. तशा मांडणीत ग्रब एकदा पासफ्रेज विचारतो, पण त्याला मिळालेली किल्ली कर्नलपर्यंत पोहोचत नाही. म्हणून इनिटरॅमएफएस पुन्हा विचारते आणि हा दुसरा प्रश्न टाळण्यासाठी फाइल आत ठेवली जाते. डेबियनवर त्यासाठी क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएसच्या कॉन्फ-हुक फाइलमध्ये कीफाइल-पॅटर्न द्यावा लागतो आणि इनिटरॅमएफएसच्या मांडणीत यूमास्क ००७७ ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर यंत्रावरील कोणत्याही सामान्य वापरकर्त्याला इनिटरॅमएफएसची फाइल उलगडून किल्ली काढता येते.

ग्रबची स्वतःची बंधनेही आहेत. लक्सची दुसरी आवृत्ती त्याला २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून समजते, परंतु त्या आवृत्तीला आर्गॉन२ येत नाही. तो स्लॉट लक्सकन्व्हर्टकी वापरून पीबीकेडीएफ२ मध्ये बदलावा लागतो, म्हणजेच पासफ्रेजचे संरक्षण कमकुवत करावे लागते. शिवाय पासफ्रेज चुकला तर ग्रब सरळ आपल्या बचाव-शेलमध्ये नेऊन सोडतो. या सगळ्याच्या मोबदल्यात मिळणारे संरक्षण अपुरे असते, कारण ग्रबचा पहिला भाग तरीही उघड्यावरच राहतो. बूटच्या फाइलींमध्ये कोणी फेरफार करील अशी भीती असेल, तर सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीचे प्रोग्राम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) आणि स्वाक्षरी केलेली एकत्रित कर्नल-प्रतिमा (कर्नल व इनिटरॅमएफएस मिळून एकच फाइल) हा अधिक सरळ उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टीपीएम या गुपिते सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपकडे किल्ली सोपवावी का?

२०२१ मध्ये सिस्टिमडीच्या २४८ व्या आवृत्तीत सिस्टिमडी-क्रिप्टएनरोल हे साधन आले आणि तेव्हापासून हे काम सोपे झाले आहे. एका कमांडने नवा स्लॉट तयार होतो, त्याचे गुपित टीपीएम चिपकडून मोहोरबंद केले जाते आणि त्याची माहिती लक्स हेडरमध्ये टोकन म्हणून नोंदली जाते. क्रिप्टटॅबमध्ये टीपीएम२-डिव्हाइस हा पर्याय ‘ऑटो’ असा दिला की पुढच्या वेळी डिस्क पासफ्रेजविना उघडते. डेबियन १२ च्या मूळ इनिटरॅमएफएस-टूल्सला हा पर्याय कळत नाही. तेथे ड्रॅकट किंवा क्लेव्हिस (डिस्क आपोआप उघडणारे साधन) वापरावे लागते.

मोहोर कोणत्या अटीवर उघडेल हे पीसीआर नावाच्या नोंदवह्यांवरून ठरते. यंत्र सुरू होताना प्रत्येक टप्प्याचे मोजमाप या नोंदवह्यांमध्ये जमा होत जाते. शून्य क्रमांकाच्या पीसीआरमध्ये फर्मवेअरचे मोजमाप असते, चौथ्यात बूटलोडरचे, सातव्यात सिक्युअर बूटची स्थिती व त्याची प्रमाणपत्रे आणि अकराव्यात सिस्टिमडीच्या एकत्रित कर्नल-प्रतिमेचे. शून्याला बांधले तर फर्मवेअरच्या प्रत्येक अद्ययावतीनंतर डिस्क उघडेनाशी होते. फक्त सातला बांधले तर मान्य स्वाक्षरी असलेले कोणतेही बूटलोडर चालू शकते. पहिली निवड फार घट्ट आहे आणि दुसरी सैल. दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे अकराव्या पीसीआरच्या अपेक्षित मोजमापावर स्वतःची स्वाक्षरी करणे, परंतु त्यासाठी स्वाक्षरीची किल्ली सांभाळण्याची शिस्त लागते.

आता मूळ प्रश्न असा की, टीपीएम आपले रक्षण कोणापासून करतो? यंत्रातून डिस्क काढून नेणाऱ्यापासून तो उत्तम रक्षण करतो. दुरुस्तीला किंवा भंगारात गेलेल्या डिस्कच्या बाबतीतही हेच खरे आहे. परंतु अख्खा लॅपटॉपच चोरीला गेला तर तो चोराच्या टेबलावरही तितक्याच निमूटपणे सुरू होईल, डिस्क उघडेल आणि लॉगिनच्या पडद्यापाशी थांबेल. व्हॉल्यूम-किल्ली तेव्हा मेमरीत असेल. थंड केलेल्या मेमरी-चिपांतून किल्ल्या परत मिळवता येतात, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिले होते. मदरबोर्डवर टीपीएम स्वतंत्र चिप म्हणून असेल तर तिच्या व प्रोसेसरच्या दरम्यानच्या तारांवरून जाणारे गुपित टिपणेही शक्य असते.

आणखी एक बाब कमी लोकांना ठाऊक असते. इनिटरॅमएफएस डिस्क ओळखते ती तिच्या यूयूआयडीवरून, आणि यूयूआयडीची नक्कल कोणालाही करता येते. हल्लेखोराने मूळ पार्टिशनची प्रत बाजूला ठेवून त्याच यूयूआयडीचे स्वतःचे बनावट पार्टिशन जागेवर ठेवले, तर इनिटरॅमएफएस ते हल्लेखोराला माहीत असलेल्या पासफ्रेजने उघडून त्यावरील प्रोग्राम चालवू शकते. त्या क्षणी बूटची मोजमापे न बदलल्यामुळे टीपीएमही खऱ्या डिस्कची मोहोर उघडून देतो. यावर उपाय म्हणून क्रिप्टटॅबमध्ये टीपीएम२-मेझर-पीसीआर हा पर्याय आहे. तो चालू केल्यास उघडलेल्या डिस्कच्या व्हॉल्यूम-किल्लीचे मोजमाप पंधराव्या पीसीआरमध्ये जमा होते. मात्र नुसते मोजमाप पुरेसे नाही. मोहोर पंधराव्या पीसीआरच्या मूळ रिकाम्या स्थितीलाही बांधावी लागते, म्हणजे एकदा कोणतेही पार्टिशन उघडले गेल्यावर टीपीएम पुन्हा गुपित देत नाही.

म्हणून लॅपटॉपवर टीपीएमसोबत पिन ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. क्रिप्टएनरोलमध्ये त्यासाठी टीपीएम२-विथ-पिन हा पर्याय आहे. वारंवार चुकीचा पिन दिल्यास टीपीएम स्वतःच काही काळ नकार देऊ लागतो. त्यामुळे तुलनेने छोटा पिनही पुरतो आणि वर सांगितलेल्या बहुतेक वाटा बंद होतात.

टीपीएमला नोंदणी केल्यावर पासफ्रेजचा स्लॉट काढून टाकला तर अधिक सुरक्षित नाही का?

कृपया असे करू नये. मदरबोर्ड बदलला, फर्मवेअरने टीपीएम पुसला किंवा सिक्युअर बूटची प्रमाणपत्रे अद्ययावत झाली, तर त्या डिस्कवरील माहिती जगात कोणालाही परत मिळवता येणार नाही. दुबळा जुना पासफ्रेज काढायचा असेल तर जरूर काढावा, पण त्याआधी क्रिप्टएनरोलने रिकव्हरी-किल्ली तयार करावी. ही किल्ली २५६ बिटांची असते आणि आठ-आठ अक्षरांच्या आठ गटांत लिहिलेली असते. तिच्यातील अक्षरेही अशी निवडली आहेत की निरनिराळ्या पाश्चात्त्य कीबोर्डवर ती बहुधा एकाच जागी असतात. ती कागदावर लिहून किंवा छापून यंत्रापासून दूर, महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. लिहिलेली किल्ली एकदा प्रत्यक्ष वापरून पाहावी. वाचता न येणारे एक अक्षर सगळे व्यर्थ करते.

सर्व्हर दुसऱ्या गावी आहे. वीज जाऊन परत आली की तो पासफ्रेजची वाट पाहत थांबतो. काय करावे?

यूपीएस पुरला नाही आणि यंत्र पहाटे पुन्हा सुरू झाले, तर पासफ्रेज टाइप करायला तेथे कोणी नसते. महाराष्ट्रातल्या लहान शहरांतील कार्यालयांना ही अडचण नित्याची आहे. तिच्यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे इनिटरॅमएफएसमध्येच ड्रॉपबेअर हा दुरून लॉगिन करू देणारा छोटा एसएसएच सर्व्हर ठेवणे. डेबियनवर ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस हे पॅकेज बसवून आपली सार्वजनिक एसएसएच-किल्ली त्याच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये घालावी आणि इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी. मग घरून जोडून क्रिप्टरूट-अनलॉक ही कमांड दिली की पासफ्रेज विचारला जातो. या टप्प्यावर वायफाय आणि व्हीपीएन सहसा उपलब्ध नसतात, म्हणून तार जोडलेली आणि पत्ता निश्चित असलेली जोडणी असावी. ड्रॉपबेअरची ओळख-किल्ली खऱ्या प्रणालीच्या ओळख-किल्लीहून वेगळी असते. त्यामुळे एसएसएच इशारा देते आणि अनेक जण तो इशारा दडपून टाकतात. तसे न करता ड्रॉपबेअरला वेगळा पोर्ट द्यावा, म्हणजे दोन्ही ओळखी स्वतंत्रपणे नोंदल्या जातात. ही ओळख-किल्ली कूटबद्ध नसलेल्या बूट पार्टिशनवर असते, हे मात्र विसरू नये.

दुसरा मार्ग टँग आणि क्लेव्हिस या जोडीचा आहे. स्थानिक जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावर टँग सर्व्हर चालतो. क्लेव्हिस सुरू होताना त्याच्याशी देवाणघेवाण करते आणि उत्तर मिळाले तरच स्लॉट उघडतो. यातली सुंदर गोष्ट अशी की टँगला डिस्कची किल्ली कधीच कळत नाही आणि कोणत्या डिस्कसाठी विचारणा झाली याची नोंदही त्याला ठेवावी लागत नाही. सर्व्हर कार्यालयाबाहेर नेला की टँग सापडत नाही आणि डिस्क बंद राहते. शमीर यांच्या गुपित-वाटणीच्या पद्धतीने ‘तीन टँगपैकी कोणतेही दोन’ किंवा ‘टीपीएम आणि टँग दोन्ही’ अशा अटीही घालता येतात. फक्त टँग चालवणाऱ्या यंत्राची डिस्क त्याच टँगवर अवलंबून ठेवू नये. सगळी यंत्रे एकदम बंद पडून एकदम सुरू झाली, तर ती एकमेकांची वाट पाहत राहतील.

यूएसबी सुरक्षा-किल्ली वापरता येते का?

होय. फिडो२ किल्लीत एचमॅक-सीक्रेट ही सोय असेल तर क्रिप्टएनरोल तिची नोंदणी करते आणि डिस्क उघडताना स्पर्श व पिन दोन्ही मागता येतात. अशा दोन किल्ल्यांची नोंदणी करावी, कारण एक हरवतेच.

पासफ्रेज देवनागरीत ठेवता येईल का?

क्रिप्टसेटअपच्या दृष्टीने पासफ्रेज म्हणजे केवळ बाइटांची माळ आहे. त्यामुळे तत्त्वतः कोणतीही लिपी चालते. प्रत्यक्षात मात्र असे करू नये. इनिटरॅमएफएसमध्ये आयबस (देवनागरीसारख्या लिप्या टाइप करण्याचे साधन) नसते आणि डेस्कटॉपवर आपण वापरतो ती इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मांडणीही नसते. ग्रब तर बहुधा अमेरिकी मांडणीच गृहीत धरतो. शिवाय ‘ढ़’ किंवा ‘ऱ’ यांसारखे अक्षर एका सांकेतिक क्रमांकानेही लिहिता येते आणि मूळ अक्षर व नुक्ता असे दोन क्रमांक जोडूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात आणि डिस्क उघडत नाही. मराठी शब्द आठवायला सोपे वाटत असतील तर एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द निवडून ते रोमन अक्षरांत लिहावेत. आपण प्रत्येक शब्दाचे रोमन स्पेलिंग एकाच रीतीने करतो, याची तेवढी खात्री करून घ्यावी. चिन्हे वापरल्यास अमेरिकी आणि ब्रिटिश कीबोर्डवर त्यांच्या जागा वेगळ्या असतात, हेही लक्षात ठेवावे.

हेडरचा बॅकअप खरोखर आवश्यक आहे का?

अत्यावश्यक आहे. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीचा हेडर साधारणपणे १६ मेबिबाइटचा असतो. त्यातील माहितीपत्रकाच्या दोन प्रती असतात, पण स्लॉटचा मजकूर एकदाच लिहिलेला असतो. चुकीच्या डिस्कवर एमकेएफएस किंवा डीडी ही डिस्कवर थेट लिहिणारी कमांड चालवली, किंवा दुसऱ्या कार्यप्रणालीच्या इन्स्टॉलरने तेथे काही लिहिले, तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही उपयोग होत नाही, कारण स्लॉटमधील व्हॉल्यूम-किल्लीची प्रतच नष्ट झालेली असते. लक्सहेडरबॅकअप या उपकमांडने काही सेकंदांत प्रत घेता येते. ती अर्थातच त्याच डिस्कवर ठेवू नये.

या बॅकअपला एक काळी बाजू आहे. तो घेतला त्या दिवशीचे सर्व पासफ्रेज त्यात जिवंत राहतात. कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याचा स्लॉट लक्सकिलस्लॉटने काढला, परंतु जुन्या हेडरची प्रत त्याच्याकडे असेल, तर त्याचा जुना पासफ्रेज त्या प्रतीसह अजूनही ही डिस्क उघडतो. स्लॉट बदलला की नवा बॅकअप घ्यावा आणि जुना नष्ट करावा.

हेडर खराब झाला आहे पण डिस्क अजून उघडी आहे आणि प्रणाली चालू आहे, अशी वेळ आल्यास यंत्र बंद करू नये. पुन्हा सुरूही करू नये. व्हॉल्यूम-किल्ली अजून कर्नलमध्ये आहे, म्हणून सर्व फाइली नेहमीप्रमाणे वाचता येतात. त्या ताबडतोब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. पहिल्या आवृत्तीच्या डिस्कची किल्ली डीएमसेटअपला टेबल विचारून काढता येत असे. दुसऱ्या आवृत्तीत तेथे कीरिंगमधील संदर्भ तेवढा दिसतो, किल्ली दिसत नाही, म्हणून त्या आशेवर राहू नये.

पासफ्रेज बरोबर आहे, तरी डिस्क उघडत नाही किंवा प्रश्नच विचारला जात नाही. कोठून सुरुवात करावी?

प्रथम कीबोर्डची मांडणी आणि कॅप्स लॉक तपासावे. प्रश्नच विचारला जात नसेल, तर इनिटरॅमएफएसमध्ये क्रिप्टसेटअप किंवा क्रिप्टटॅबची ओळ नाही असे समजावे. अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून यंत्र सुरू करून डिस्क क्रिप्टसेटअपच्या ओपन उपकमांडने उघडावी, फाइलप्रणाली आणि बूट पार्टिशन माउंट करावे, सीएचरूटने त्या प्रणालीच्या आत जावे आणि इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी. येथे डेबियन आणि उबुंटूवर एक सापळा आहे. डिस्क उघडताना दिलेले मॅपर-नाव क्रिप्टटॅबच्या पहिल्या रकान्यातील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. लाइव्ह प्रणालीच्या फाइल-व्यवस्थापकातून डिस्क उघडली तर तिला लक्स आणि यूयूआयडी मिळून बनलेले लांबलचक नाव मिळते. मग अपडेट-इनिटरॅमएफएसला मूळ डिस्क क्रिप्टटॅबमध्ये सापडत नाही आणि नवी इनिटरॅमएफएसही पहिल्यासारखीच निरुपयोगी तयार होते.

लक्सडम्प ही उपकमांड हेडरमधील माहिती दाखवते. तिचा मजकूर वाचण्याची सवय लावावी. कीस्लॉट्स या शीर्षकाखाली प्रत्येक स्लॉटचा क्रमांक, त्याची गणिताची पद्धत आणि तिला लागणारी मेमरी दिलेली असते. टोकन्सखाली टीपीएम, फिडो२ किंवा क्लेव्हिसची नोंद कोणत्या स्लॉटशी जोडलेली आहे ते कळते. १६ गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर तयार केलेल्या स्लॉटला आर्गॉन२साठी एक गिबिबाइटपर्यंत मेमरी लागू शकते. तीच डिस्क छोट्या रास्पबेरी पायला जोडली, तर मेमरी अपुरी पडून डिस्क उघडत नाही, आणि पडद्यावरील संदेशावरून कारण लगेच कळत नाही.

इनिटरॅमएफएसचे शेल हाती आले म्हणजे डिस्क फुटली असे नव्हे. २०१६ मध्ये हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी उघड केलेल्या दोषात एंटरची कळ साधारण ७० सेकंद दाबून धरली की काही वितरणांवर रूटचे शेल मिळत असे. त्यातही कूटबद्ध माहिती कूटबद्धच राहत होती, पण उघड्या बूट पार्टिशनमध्ये फेरफार करायला मोकळीक मिळत होती.

स्वॅपसाठी (मेमरीला पूरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेसाठी) वेगळी किल्ली लागते का?

हायबरनेट (मेमरीतील सर्व काही डिस्कवर जतन करून यंत्र बंद करणे) करायचे नसेल तर क्रिप्टटॅबमध्ये किल्लीच्या जागी यूरँडमचा मार्ग आणि पर्यायांत स्वॅप लिहावे. मग प्रत्येक वेळी नवी किल्ली तयार होते आणि यंत्र बंद होताच नाहीशी होते. या ओळीबाबत फार सावध राहावे. ती प्रत्येक वेळी त्या उपकरणावर नवा स्वॅप तयार करते, आणि तेथे एसडीबीसारखे बदलते नाव लिहिले असेल तर एखाद्या दिवशी ती माहितीच्या डिस्कवरच स्वॅप बनवील. पार्टिशनचा पार्टयूयूआयडीच लिहावा. हायबरनेट हवे असेल तर स्वॅप कायम किल्लीचा असावा आणि तो इनिटरॅमएफएसमध्येच उघडला पाहिजे.

डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची आहे. स्लॉट पुसले की पुरे का?

लक्सइरेज ही उपकमांड सर्व स्लॉट एकदम नष्ट करते आणि त्यानंतर कोणत्याही पासफ्रेजने डिस्क उघडत नाही. फिरत्या चुंबकीय डिस्कवर एवढे बहुधा पुरते. एसएसडी मात्र नव्या नोंदी वेगळ्या जागी लिहिते, त्यामुळे जुन्या स्लॉटचे अवशेष आतल्या चिपांमध्ये राहू शकतात. म्हणून तिच्यावर उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची कमांडही चालवावी. हेडरच्या जुन्या प्रती, रिकव्हरी-किल्लीचा कागद आणि इतर यंत्रांवर राहिलेल्या किल्ल्यांच्या फाइलीही त्याच दिवशी नष्ट कराव्यात. टँगवर त्या डिस्कचे काहीच साठलेले नसते, म्हणून तेथे काही करावे लागत नाही.